खाजवून खरूज कोण काढतंय?

मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मलम द्यावं की नाही, यावर गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीन दिवस जुंपली होती. निमित्त साधं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने नेहमीची ट्यूब नाकारली आणि काकूंनी रागारागाने ते ग्रुपवर लिहिलं. सोसायटीतले दोन डॉक्टर लगेच मेडिकलवाल्याच्या बाजूने उतरले: लोक अडाणी असतात, शेजाऱ्याची ट्यूब स्वतःला फासतात आणि चेहरा नाहीतर मांड्या नासवून मग आमच्याकडे येतात, ही विक्री बंदच झाली पाहिजे. बाकीची सोसायटी काकूंच्या बाजूने: साध्या खाजेसाठी आठशे रुपये फी भरून तीन तास ताटकळत बसायचं का? तिसऱ्या दिवशी कुणीतरी आजीचा बटवा उघडला, हळदीपासून गोमूत्रापर्यंत सगळं झालं आणि वाद विझला. काकूंची खाज बहुधा तशीच राहिली.

दोन्ही पक्ष भांडत होते ते एकाच प्रश्नावर, की माणसाने आपल्या कातडीवर आपणच इलाज करावा का. मला हा प्रश्नच निकामी वाटतो. लोक करत आलेत, पुढेही करणार, आणि घामोळं, कोंडा, पायाच्या भेगा, साधं गजकर्ण अशा तक्रारींत त्यांनी तो करायलाही हरकत नाही. प्रश्न आहे तो त्यांच्या हातात पडणाऱ्या ट्यूबमध्ये काय भरलंय याचा. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र कालवलेली मलमं बाजारातून पूर्णपणे काढा. जहाल स्टेरॉइड चिठ्ठीशिवाय मिळता कामा नये. आणि एकाच औषधाचं साधं बुरशीनाशक मलम, ठळक मराठी सूचनांसह, कुणालाही उजळ माथ्याने विकत घेता आलं पाहिजे. डॉक्टरांना हे ढिलं वाटेल, औषधवाल्यांना कडक. वाटू दे.

यात मी त्रयस्थ नाही. चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात कल्याण ते सीएसएमटी रोज भिजत जाताना मला जांघेत गजकर्ण झालं. ओली जीन्स ऑफिसच्या एसीत अंगावरच वाळवायची, हा आमच्यासारख्यांचा चार महिन्यांचा धर्म. ती जागा दाखवायची कुणाला आणि तोंडाने बोलायचं कसं? मेडिकलवरची गर्दी ओसरेपर्यंत थांबलो आणि हळूच म्हणालो, ‘खाजेचं काहीतरी द्या.’ पलीकडच्याने मान वरही न करता शंभराच्या आतली एक ट्यूब पुढे सरकवली. दुसऱ्या रात्री खाज गायब. इतक्या झटपट गुण देणारं औषध मी जन्मात पाहिलं नव्हतं. पाचव्या दिवशी लावणं थांबवलं, पंधरा दिवसांत चट्टा परत आला, आधीपेक्षा मोठा. पुन्हा तीच ट्यूब. असं दीड वर्ष चाललं. तोवर बायकोला झालं होतं, मुलाच्या कमरेवर दोन चट्टे उठले होते. शेवटी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा सगळं निवळायला अडीच महिने लागले, आणि माझ्या मांड्यांच्या आतल्या बाजूला बाळंतिणीच्या पोटावर असतात तशा रेघा राहिल्या त्या राहिल्याच. मी एम.कॉम. आहे. अडाणीपणाचा मुद्दा माझ्यापुरता तिथेच संपतो.

त्या ट्यूबच्या पाठीवर मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत जी नावं होती त्यांत एक क्लोबेटासोल होतं. त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडांमधल्या सर्वांत जहाल गटातलं हे औषध. आता हे कसं फसवतं ते पाहा. गजकर्णाची बुरशी कातडीच्या वरच्या, मेलेल्या थरात राहते आणि तिथलं केराटिन नावाचं प्रथिन खाते. खाज, लाली, कडेने उठलेलं लालसर कडं ही मुख्यतः आपल्या शरीराने तिच्यावर चढवलेल्या हल्ल्याची खूण असते. स्टेरॉइड हा हल्ला थांबवतं. म्हणजे चोर घरातच आणि राखणदाराला गुंगी. लाली उतरते, कडं पुसट होतं, खाज जाते आणि बुरशी निवांतपणे पसरते. दोन ब्रिटिश डॉक्टरांनी १९६८ सालीच या अवस्थेला ‘टिनिया इन्कॉग्निटो’ असं नाव दिलं, म्हणजे वेषांतर केलेलं गजकर्ण. अर्धशतकाहून जास्त काळ हे पाठ्यपुस्तकांत आहे. यावर कंपन्यांचा बचाव असा की त्याच ट्यूबमध्ये बुरशीनाशकही असतंच. असतं खरं. पण खाज जाते दोन दिवसांत आणि बुरशी जायला लागतात काही आठवडे. खाज गेल्यावर पुढे तीन आठवडे नेमाने मलम लावणारा माणूस तुमच्या पाहण्यात आहे का? आणि समजा कुणी लावलंच, तर जांघेसारख्या पातळ, घडी पडणाऱ्या कातडीवर तीन आठवडे क्लोबेटासोल चोळल्यासारखं होईल. लवकर थांबवावं तर बुरशी उरते, पूर्ण लावावं तर कातडी विरते. धड वापरताच येऊ नये अशी वस्तू बाजारात आणायची आणि वापर चुकला म्हणून गिऱ्हाइकाला अडाणी म्हणायचं, हा कुठला न्याय?

पण त्वचेच्या बाबतीत दोष रोग्याच्याच माथी मारायची सवय जुनी आहे. आपल्या भाषेत तर ती मुरलेलीच आहे: ‘खाजवून खरूज काढणे’. जणू माणूस खाजवतो म्हणून खरूज होते! खरूज होते ती कातडीत बोगदे खणून अंडी घालणाऱ्या एका सूक्ष्म किड्यामुळे. इटलीत बोनोमो आणि चेस्तोनी यांनी १६८७ साली तो किडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याचं चित्रही काढलं होतं. विद्वानांनी ते बाजूला सारलं, कारण खरूज रक्तातल्या दोषाने होते यावर त्यांची श्रद्धा. पुढे १८१२ साली पॅरिसमध्ये एकाने किडा दाखवल्याचा दावा केला, तो चीजमधला किडा निघाला, आणि मग तर सगळी कल्पनाच हास्यास्पद ठरली. वाद मिटला तो १८३४ मध्ये. कोर्सिका बेटावरून आलेल्या रेनुची नावाच्या विद्यार्थ्याने पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात प्राध्यापकांसमोर सुईने तो किडा अलगद बाहेर काढून दाखवला. हे कसब तो शिकला कुठे? गावाकडच्या बायकांना सुईने किडे काढताना त्याने पाहिलं होतं. प्राध्यापकांना दीडशे वर्षं न सापडलेलं त्या बायकांच्या सुईच्या टोकावर होतं. सामान्य माणसाला स्वतःच्या कातडीतलं काही कळत नाही, असं कुणी म्हटलं की मला त्या आठवतात.

आता डॉक्टरांची बाजू, कारण तिच्यात दम आहे. प्रत्येक गोल चट्टा गजकर्ण नसतो. इसब तसंच दिसू शकतं, सोरायसिस दिसू शकतं, आणि सर्वांत वाईट म्हणजे कुष्ठरोगाचा पहिला चट्टा तसा दिसू शकतो. फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर स्पर्श कळत नाही, खाजही नाही. असा चट्टा ‘बुरशी असेल’ म्हणून वर्षभर मलमाखाली झाकला तर नस कायमची जाते, बोटं वाकतात. कुष्ठरुग्णांसाठीची आनंदवन आणि तपोवन ज्या महाराष्ट्रात उभी राहिली तिथे या धोक्याला कमी लेखायची माझी छाती नाही. पण यातून निघतं काय? चट्ट्यावर पिसाने किंवा कापसाने हलकेच स्पर्श करून बघा, कळत नसेल तर मलम लावू नका, सरकारी दवाखान्यात जा, तिथे औषध फुकट मिळतं. हे वाक्य गावातल्या प्रत्येक माणसाला कळलं पाहिजे, एवढंच निघतं. चिठ्ठीची सक्ती ते वाक्य कुणाला शिकवत नाही. उलट आपल्याकडे उलटा गोंधळ आहे. पांढऱ्या कोडाला ‘श्वेतकुष्ठ’ म्हणून आपण शतकानुशतकं निरुपद्रवी, मुळीच न पसरणाऱ्या अवस्थेला कुष्ठाच्या दारात बसवलं. कोड असलेल्या मुलीचं लग्न मोडतं आणि बधिर चट्टा असलेला माणूस हसतखेळत फिरतो. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण धरणारी कलमं आपल्या कायद्यांतून २०१९ साली निघाली, १९८० च्या दशकात त्यावर अनेक औषधं एकत्र देण्याचा खात्रीचा उपचार आला त्यानंतर जवळजवळ चार दशकांनी. कातडीबद्दलचं अज्ञान फक्त मेडिकलच्या काउंटरवर विकलं जात नाही.

शिवाय चिठ्ठी हा रामबाण आहे असं समजणाऱ्यांनी २०११ सालचं एक सर्वेक्षण पाहावं. देशातल्या बारा केंद्रांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांना तपासलं गेलं. त्यांतले ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड फासत होते, बरेचसे गोरं होण्यासाठी किंवा मुरमांसाठी. आणि त्यांतल्या सुमारे चाळीस टक्क्यांना ते डॉक्टरांनीच लिहून दिलं होतं. म्हणजे चिठ्ठी होती! गजकर्णाची ट्यूब आणि गोरेपणाची ट्यूब ही एकाच कुळातली भावंडं आहेत. पहिली खाज गेल्याचा भास देते, दुसरी रंग उजळल्याचा. पुढे चेहरा उन्हात भाजल्यासारखा लाल, पुरळ, नको तिथे केस, आणि थांबवावं तर आग आग, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. हे पाहून त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने आवाज उठवला हे खरं, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. २०१८ साली सरकारने चौदा स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत घातली ती त्यांच्याच रेट्यामुळे. त्याआधी २०१६ मध्ये ३४४ मिश्र औषधांवर बंदी आली होती, ती दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, फेरतपासणी झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. या यादीत त्वचेची मिश्रणं चांगली ठसठशीत होती. पण बंदी एकेका मिश्रणावर असते. यादीतला एक घटक बदला, नवं मिश्रण तयार. ‘चिठ्ठीशिवाय नको’ सांगणारी लाल रेघ खोक्यावर असते, काउंटरवर नसते. आपण नळ उघडा ठेवून फरशी पुसतोय, आणि पुसणाऱ्यालाच रागावतोय.

आजीच्या बटव्यावर मी वर तिरकस बोललो, ते जरा सावरून घेतो. टाकळ्याला संस्कृतात चक्रमर्द म्हणतात, दद्रुघ्नही म्हणतात, म्हणजे गजकर्ण मारणारा. कोकणात आपण पावसाळ्याच्या तोंडावर जी भाजी खातो तीच ही वनस्पती, आणि तिच्या बियांत बुरशीवर काम करणाऱ्या जातीची रसायनं खरोखरच आहेत. त्याहून मजेशीर गोष्ट गोव्याची. एकोणिसाव्या शतकात गजकर्णावर ‘गोवा पावडर’ नावाची एक पिवळी पूड प्रसिद्ध होती. ती मुळात गोव्याची नव्हेच. ब्राझीलमधल्या अरारोबा झाडाच्या खोडातून निघणारी ही पूड पोर्तुगिजांच्या जहाजांतून गोव्यात आली आणि गोव्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. लंडनमध्ये बालमानो स्क्वायर या डॉक्टरांच्या एका रुग्णाने आपल्या सोरायसिसला गजकर्ण समजून ती लावली आणि तो चक्क सुधारला! तिथून १८७० च्या दशकात सोरायसिसचा एक नवा उपचार सुरू झाला, आणि पहिल्या महायुद्धात ब्राझीलचा माल तुटल्यावर जर्मनांनी १९१६ साली त्याचा प्रयोगशाळेतला भाऊबंद बनवला, डायथ्रानॉल. तो आजही औषधांत आहे. एका माणसाच्या चुकलेल्या स्वयंनिदानातून हे घडलं. पण हीच पूड कपडे पिवळे-जांभळे करायची, डोळ्याला लागली तर हाल करायची आणि चांगल्या कातडीची सालं काढायची. बटव्यातलं आहे म्हणून ते सौम्य असतं, असं कुणी ठरवलं? कच्चा लसूण ठेचून लावल्याने भाजलेली कातडी मी शेजारच्या घरात पाहिली आहे. परंपरेला माझी हरकत नाही, फक्त तिनेही किती लावायचं, किती दिवस आणि कुठे नाही एवढं सांगावं. ट्यूबकडून जे मागतोय तेच.

दुसऱ्या टोकाचीही एक चूक आहे आणि ती हल्ली वाढतेय. ‘स्टेरॉइड म्हणजे विष’ असा फॉरवर्ड फिरतो आणि इसबाने रात्रभर खाजवून रक्तबंबाळ झालेल्या तान्ह्या बाळाची आई डॉक्टरांनी दिलेलं सौम्य मलम कचऱ्यात टाकते. हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड १९५२ मध्ये प्रथम त्वचेवर वापरलं गेलं तेव्हा ती क्रांतीच होती. इसब, सोरायसिस, कोड, अशा कितीतरी ठिकाणी योग्य ताकदीचं स्टेरॉइड, बोटाच्या पेरावर मावेल इतकं मोजून, ठरलेल्या दिवसांपुरतं लावलं तर दुसरं क्वचितच त्याची बरोबरी करतं. (मोठ्या माणसाच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली एक सरळ रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. हे माप किती साधं आहे, आणि ट्यूब देताना कुणी सांगतं का?) म्हणून बंदी हवी ती मिश्रणांवर. स्टेरॉइडवर नको.

सर्वांत अवघड आक्षेप मी शेवटी ठेवलाय. तो असा: साधी बुरशीनाशकं सर्रास विकू दिली तर बुरशी त्यांनाही दाद देणार नाही. (हिंदीत गजकर्णाला दादच म्हणतात. दाद न देणारी दाद, भाषा कधीकधी फार दुष्ट असते.) हा आक्षेप हवेतला नाही. भारतात गेल्या दशकभरात जे गजकर्ण पसरलं ते जुनं राहिलेलं नाही. टर्बिनाफिन या बुरशीनाशकाला न जुमानणारी एक जात जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळच्या रुग्णांमध्ये ओळखली आणि २०२० मध्ये तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए असं नाव दिलं. नावातच आपण आहोत. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिचे दोन रुग्ण नोंदले गेले, त्यांतली एक बाई अलीकडे परदेशी गेलेलीही नव्हती. स्टेरॉइड-मिश्रणांनीच ही बुरशी घडवली हे सिद्ध झालंय असं मी म्हणणार नाही. पण बुरशीनाशक अर्धवट लागणं, शरीराचा हल्ला दडपलेला असणं आणि त्यामुळे तेच गजकर्ण वर्षानुवर्षं घरभर फिरणं, यापेक्षा अशा बुरशीला सोयीचं रान कुठलं? साधं मलम पूर्ण मुदतीत वापरणाऱ्यापेक्षा मिश्रण पाच-पाच दिवस लावून सोडणारा बुरशीला जास्त सराव देतो. आणि पोटात घ्यायच्या गोळ्या काउंटरवरून द्या असं मी म्हणत नाहीच. त्या चिठ्ठीवरच हव्यात. चट्टे पसरले असतील, डोक्यात किंवा नखात असतील, घरात गरोदर बाई असेल, महिनाभर मलम लावूनही हटत नसेल, तर डॉक्टर हवाच. ब्रिटनमध्ये क्लोट्रिमॅझोल हे साधं बुरशीनाशक आणि एक टक्क्याचं हायड्रोकॉर्टिसोन दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. हायड्रोकॉर्टिसोन चेहऱ्याला लावू नका, आठवड्यापेक्षा जास्त वापरू नका, हे सोबत बजावलेलं असतं. क्लोबेटासोल मात्र चिठ्ठीशिवाय मिळत नाही. तिथले लोक आपल्याहून शहाणे आहेत असं मला वाटत नाही. तिथली ट्यूब शहाणी आहे.

‘आपल्या लोकांना नाही जमायचं’ या वाक्याला महाराष्ट्राने एकदा सणसणीत उत्तर दिलेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या, जेमतेम शिकलेल्या बायकांना नवजात बाळं तपासायला, न्यूमोनिया आणि जंतुदोष ओळखायला, वेळ पडली तर इंजेक्शन द्यायला शिकवलं. तज्ज्ञांच्या भुवया उंचावल्या. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले: तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या हिशोबाने तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. मान्य, त्यांना प्रशिक्षण होतं, देखरेख होती. पण काम होतं मरणाच्या दारातल्या बाळाचं. टॉवेल वेगळा ठेवा, कपडे उन्हात वाळवा, ओल्या जांघा आधी पुसून कोरड्या करा, घरात ज्याला ज्याला चट्टा आहे त्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्या, चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे मलम लावा. यातलं काय आपल्या लोकांना झेपणार नाही?

परवा मी त्याच मेडिकलवर गेलो. काकूंना नकार देणारा हाच, मला पहिली ट्यूब देणाराही हाच. विचारलं, ‘साधं क्लोट्रिमॅझोल का नाही देत हो?’ तो हसला. ‘दादा, त्याने खाज जायला आठवडा लागतो. गिऱ्हाईक तिसऱ्या दिवशी येऊन म्हणतं, बोगस दिलंस. मग ते समोरच्या मेडिकलला जातं, तो दोन दिवसांवालं देतो.’ यावर मी काय बोलणार? खोक्यावर मराठीत ‘खाज जायला आठ दिवस लागतील, तरी थांबू नका’ एवढं छापलेलं असतं तर गिऱ्हाइकाला त्याने ते दाखवलं असतं. मी विचारलं, बंद झालेल्या मिश्रणांची यादी आहे का तुमच्याकडे? त्याने खणातून सात-आठ ट्यूबा काढून काउंटरवर मांडल्या. ‘तुम्हीच सांगा यातली कुठली बंद आहे. मला ३२८ नावं पाठ नाहीत.’ मी एक खोकं उचललं, चष्मा कपाळावर चढवून डोळ्याजवळ धरलं. चार नावं होती. तिसरं माझ्या ओळखीचं होतं.